कुत्र्याच्या पोटातले चोवीस शब्द

शुक्रवार, ७ ऑगस्ट

प्रिय वेंत्सू,

रविवारी येशील तेव्हा पटाशी आणू नकोस. एवढं सांगण्यासाठी हे पत्र लिहावं लागतंय. गावच्या संताची, सान रोक्कूची, मूर्ती उत्सवासाठी कोनाड्यातून बाहेर निघाली की त्याच्या पायाशी बसलेल्या कुत्र्याचं पोट चर्चमध्येच, सगळ्यांदेखत, तू उघडायचं, असं आमच्या बँड मंडळाने तुला कळवलं होतं. ते रद्द झालं आहे. का, ते सालवू फोनवर सांगेलच. पण मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून तो एकही गोष्ट धड सांगत नाही. शाळेत असतानाही सांगत नव्हता. तेव्हा मीच लिहिते. टपालावर भरवसा नाही, म्हणून पत्र उद्या सकाळच्या बोटीने गोझोला येणाऱ्या माझ्या भाचीच्या हाती देते आहे.

मेलबर्नला गेलेला ग्लोरमू तुला आठवत असेल. त्याने नऊ वर्षांपूर्वी मंडळाला देणगी म्हणून दोन बिटकॉइन पाठवले. तेव्हा सगळ्यांनी थट्टा केली. "ग्लोरमूने पाकिटात हवा भरून पाठवली," असं बारमध्ये म्हणत. आज त्या हवेत आमच्या हॉलचं अख्खं छप्पर नवं होतं, आणि व्हायलाच हवं आहे. गेल्या हिवाळ्यात छताचा एक दगड ढोलावर पडला. ढोलवाला नुकताच कॉफी प्यायला उठला होता म्हणून वाचला. या पैशाला बँक नसते. चोवीस शब्दांचा एक कागद असतो. ज्याच्या हाती तो कागद, त्याचे पैसे. खजिनदार म्हणून तो माझ्या ताब्यात होता.

मार्चमध्ये स्लीमाच्या एका कंपनीचा माणूस मंडळात आला. पायात मोजे नव्हते, आणि तोंडी साडेअकरा टक्के व्याज. तुमची नाणी आमच्याकडे ठेवा, म्हणाला. मी विचारलं, सरकारी परवाना कुठे आहे? "यायचाच बाकी आहे, मॅडम." मी म्हटलं, आल्यावर या. सालवू माझ्यावरच उखडला, "मिस, तुम्ही गणित शिकवायचात ना? मग साडेअकरा टक्के कळत नाहीत?" मतदान झालं. सात विरुद्ध एक. दुसऱ्या दिवशी मी वलेटाला सरकारी प्राधिकरणात फोन केला. तिथली मुलगी शहाणी होती. म्हणाली, कंपनीने फक्त अर्ज केलाय. नव्या कायद्याप्रमाणे एक जुलैनंतर परवाना नसेल तर लोकांचा पैसा घेता येणार नाही. तोवर कुणाचं काय बुडेल ते मी सांगू शकत नाही. म्हणजे मला जुलै गाठायचा होता.

पुढच्या बैठकीत सालवूने हात पुढे केला, "कागद." मी सांगितलं, कागद सान रोक्कूच्या कुत्र्यात आहे. आठ वर्षांपूर्वी तू मूर्तीची डागडुजी केलीस तेव्हा सुरक्षित जागा म्हणून पोटात ठेवून बंद करून घेतला; दुसरी प्रत नाही. कोनाडा उत्सवाच्या आठवड्याशिवाय उघडत नाही, हे लक्षातच आलं नाही. पाद्री डून फिलिप म्हणाले, "संत ऑगस्टआधी जागचा हलणार नाही. आग लागली तरच." सालवूचा विश्वास बसेना. त्याने तिथल्या तिथे तुला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "मास्तर, आमचा कुत्रा आतून पोकळ आहे का हो?" तुझी ठोकाठोक थांबलेली मला ऐकू आली. मग तू म्हणालास, "आहे की. पोटाखाली भोक आहे, मीच बुजवलंय. पण मूर्ती अवेळी हलवलीत आणि सोन्याचा मुलामा उडाला, तर माझ्या नावाने बोंब मारू नका."

जुलैत कंपनीला परवाना नाकारला गेला. तिने शटर ओढलं, आणि आत जे सापडलं त्याला प्राधिकरणाने टाळं लावलं. सालवूच्या मेहुण्याचे पैसे अडकलेत; निम्मे तरी परत मिळतील म्हणतात. आमचे सगळे शाबूत आहेत. तेव्हापासून गाव कुत्र्याच्या पाया पडतंय. कोनाड्याच्या काचेसमोर बिस्किटं ठेवतात. डून फिलिप वैतागून म्हणाले, "संताकडे कुणी बघतच नाही, मेलिता. मेणबत्त्यासुद्धा कुत्र्याच्या बाजूला."

मी तोंड मिटून बसलेही असते. पण आता मंडळाची नाणी परवाना असलेल्या संस्थेकडेच ठेवायची आहेत, आणि त्यांच्या अर्जात सातवा प्रश्न आहे: शब्द आजवर कुठे होते? खाली सही. परवा समितीसमोर उभी राहिले आणि सांगितलं, कागद माझ्या शिवणाच्या डब्यात होता. पहिल्या दिवसापासून. सालवू म्हणाला, "मिस, तुम्ही खोटं बोललात? एका खोट्या सबबीसाठी मला तास तासभर भिंतीकडे तोंड करून उभं केलंत, आणि तुम्ही?" मग तो टेबलावर डोकं टेकून हसला, इतका की डोळे पुसावे लागले. छपराच्या कामाला ऑक्टोबरमध्ये सुरुवात आहे. काल रात्री मी पाच महिन्यांनी सलग झोपले.

आता खरं ते. कुत्रा भरीव आहे. एका लाकडातून कोरलेला. आठ वर्षांपूर्वी त्याचा फुटका कान बदलताना तूच मला वाजवून दाखवला होतास. मार्चमध्ये मी तुला काही कळवलेलं नव्हतं. तू "नाही" म्हणाला असतास तर छप्पर त्याच दिवशी गेलं असतं. एकेचाळीस वर्षांपूर्वी तू गोदीतली नोकरी सोडून मूर्तिकाराकडे शिकायला जात होतास आणि माझ्या वडिलांना तीन महिने सांगत होतास की गोदीतच जातो. मी ठरलेलं लग्न मोडलं. खोटं बोलणाऱ्याबरोबर संसार नको, असं तुला दारातच सांगितलं होतं. तू मान खाली घालून गेलास. ते वाक्य मी परत घेते. हे पत्र त्यासाठी आहे. पटाशीचं सालवूने सांगितलंच असतं. रविवारी मूर्ती निघाल्यावर जेवायला थांब. ससा करते आहे.

तुझीच म्हणायला उशीर झाला आहे, तरी तुझीच,
मेलिता

नोंद, तू विचारशील म्हणून: चोवीस शब्दांचा कागद, एक, लाखबंद पाकिटात, काल सकाळी दहा वाजता संस्थेच्या माणसाकडे सुपूर्त, साक्षीदार सालवू आणि डून फिलिप, पोच घेतली. त्याच शिवणाच्या डब्यातला कुत्र्याचा जुना कान, लाकडी, डावा, एक: सुपूर्त केलेला नाही.