अगदी ओरिजिनल चार मिनिटं

१ मार्च, रविवार
पियानोच्या बाईंनी क्लासमध्ये कार्यक्रमाचा कागद फिरवला. २९ तारखेला हॉलमध्ये सगळ्या विद्यार्थ्यांचं वादन. कन्येने आम्हा दोघांचं नाव एकत्र लिहिलं होतं: बाप-लेक, चार हातांनी एक सोपा तुकडा. मी माझं नाव खोडून खाली वेगळी ओळ लिहिली: 'स्वतःची रचना, चार मिनिटं.' बाईंनी विचारलं, तयार आहे का? म्हटलं, डोक्यात आहे.
हे खोटं नाही. डोक्यात आहेच. अजून सापडलेली नाही, इतकंच.
कन्येने माझी ओळ दोनदा वाचली. अभिमान वाटला असावा.

३ मार्च, सकाळी ६.१०
संकल्प: रोज पहाटे पाऊण तास पियानोसमोर बसून प्रेरणेची वाट पाहणे. पाहिली. बायको आली. म्हणाली, अरे, बसूनच झोपायचंय तर पलंगाने काय घोडं मारलंय?

५ मार्च
प्रेरणा निसर्गात असते. ऑफिसला बागेतून गेलो. झाडीतून तीन सूर, स्वच्छ, पुन्हा पुन्हा. वहीत टिपले. बाकावरच्या आजोबांना पक्ष्याचं नाव विचारलं. म्हणाले, पक्षी कसला, पलीकडे दूधवाल्याची व्हॅन रिव्हर्स घेतेय.
पान फाडलं. ऑफिसला उशीर.

८ मार्च
सुचली! आंघोळ करताना, आठ सुरांची. फेसासकट पियानो गाठला. पहिले चार सूर वाजवतोय तोच पुढचे चार बायकोने स्वयंपाकघरातून गुणगुणले. छान आहे रे, म्हणाली, पटकन ओठावर बसते.
मी अजून वाजवलेच नव्हते, ते सूर हिला कळले कसे? म्हणजे ही चाल आधीच कुणीतरी केलेली असणार. मी विमा कंपनीत एकवीस वर्षं लोकांचे दावे तपासतो. संशयास्पद दावा कधी सोडला नाही, स्वतःचा कसा सोडू?
नियम: ऐकणाऱ्याला पुढचा सूर ओळखता आला, तर चाल नामंजूर.

११ मार्च
चाल क्र. २: कन्येने ओळखली. नामंजूर. क्र. ३: बायकोने, दात घासता घासता. नामंजूर. क्र. ४ वर फार जीव जडला होता. खालच्या मजल्यावरच्या काकू मुद्दाम वर आल्या. म्हणाल्या, कालपासून तुमचं ते गाणं डोक्यातून जातच नाहीये.
नामंजूर.
कन्येने विचारलं, बाबा, लोकांना आवडणं हा गुन्हा आहे का? लहान आहे अजून.

१५ मार्च
बाईंना नियम समजावून सांगितला. बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, चांगल्या चालीत पुढचा सूर हवाहवासा वाटतो, आणि तो आला की जिवाला बरं वाटतं, त्यात चोरी कसली?
बाई जुन्या वळणाच्या. तरी दिवसभर शंका कुरतडत राहिली: बाईंचंच बरोबर असेल तर? मग पंधरा दिवस मी काय केलं? प्रश्न गंभीर आहे. कार्यक्रम झाल्यावर त्यावर नीट विचार करायचा.

२१ मार्च
क्र. १७ पर्यंत सगळ्या नामंजूर. कन्या म्हणाली, बाबा, अजून आठवडा आहे, आपला तुकडा सोपाय, अवघड भाग मी घेते. म्हटलं, तुझा बाप माघार घेणारा नव्हे. म्हणाली, ते ऐकू येतंय, शेजाऱ्यांनाही.
चारही हातांचं ती आता दोन हातांत बसवतेय. गुणी पोर.

२५ मार्च
सापडली! डावीकडची एक पट्टी. थांबायचं. उजवीकडची एक. थांबायचं. तीच पुन्हा, जरा जोरात. कुणालाही काही ओळखता येत नाही. बायकोने तीनदा प्रयत्न केला, मग विचारलं, सुरू कधी होणार?
मंजूर. वहीत शेरा मारून सही केली.

२९ मार्च, रात्री ८
पहिला नंबर माझा. निवेदक माइक शोधत होता. कलाकाराने ताटकळू नये म्हणून मी बसलो आणि सुरुवात केली. पूर्ण चार मिनिटं. लोक खुर्च्या सरकवत होते, एकमेकांना हाका मारत होते. नव्या संगीताचा धक्का असा बसतो, असं तेव्हा वाटलं.
टाळी नाही. निवेदकाला माइक सापडला. म्हणाला, पियानो तपासून झालेला आहे, आता कार्यक्रम सुरू करूया. आणि त्याने माझंच नाव पुकारलं.
मी जागेवरून हललो नाही. दोनदा पुकारून मला गैरहजर धरलं.
कन्या फार सुंदर वाजवून गेली.
नंतर दारात एका गृहस्थांनी हात धरला. म्हणाले, पियानो ट्यून करणारे तुम्हीच ना? इतक्या बारकाईने तपासणारा माणूस मी पाहिला नाही, आमच्याकडे याल का? हा सरळसरळ खोटा दावा. तो फेटाळायला मी तोंड उघडणार, तोच शेजारून कन्या म्हणाली, हो काका, माझे बाबाच ते, रविवारी मोकळे असतात.
येत्या रविवारी दहा वाजता जायचं आहे. ट्यूनिंग शनिवारपर्यंत शिकून घेतो. त्यात फारसं काही नसावं.