कुवेत की आयर्लंड

पप्पा,

गेल्या आठवड्यात तुमचे मित्र गेले. अंबडच्या कंपनीत तुमच्याबरोबर प्रेस शॉपला होते ते, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आले. मी सुट्टीवर नाशिकला आलेलीच होते, म्हणून आईला घेऊन त्यांच्या घरी जाऊन आले. परत येताना रिक्षात आई म्हणाली, "तुझ्या पप्पांच्या कंपनीच्या बसमधलं आता कोणीच राहिलं नाही." मग ती पिशवीतली कोथिंबीर नीट करायला लागली. तुम्हाला जाऊनही आता इतकी वर्षं झाली आहेत की तुमच्याशी बोलावं असं मला रोज वाटत नाही. तक्रार म्हणून नाही सांगत, असं होतं माणसाचं. पण काका गेले आणि लक्षात आलं, की आपल्या दोघांमधली एक गोष्ट ज्या एकमेव माणसाला ठाऊक होती, तोही आता नाही. ती कुठेतरी उतरवून ठेवावी म्हणून लिहायला बसले आहे. आई आत झोपली आहे. कूलरचा आवाज तोच आहे, घरघर आणि मधूनच ठक्क.

मुंबई नाक्याजवळच्या त्या खासगी हॉस्पिटलमध्ये मी तेव्हा स्टाफ नर्स होते. मुंबईला जाऊन दोन मुलाखती देऊन आले होते, एक कुवेतसाठी, एक आयर्लंडसाठी. दोन्हीकडून नाही येणार असं धरून चालले होते, आणि दोन्हीकडून हो आलं. आपल्या कॉलनीत तोवर परदेशी गेलेली पोरगी एकही नव्हती, त्यामुळे जो भेटेल त्याला मत होतं. आईचं मत कुवेत. "सकाळी बसलं की दुपारी घरी. आजारी पडलं, कोणाचं लग्न निघालं, येता येतं." मावशीचं मत कुवेत, कारण तिथलं सोनं चांगलं. हॉस्पिटलमधल्या मेट्रनबाईंचं मत कुवेत, कारण तिथे राहायला होस्टेल मिळतं आणि एकट्या मुलीला ते बरं. आयर्लंडबद्दल कोणालाच काही म्हणायचं नव्हतं. इंग्लंडच्या बाजूला आहे, इतपतच माहिती. तुम्ही काहीच बोलला नाहीत. एका संध्याकाळी मेन रोडवरून एक लहान कुकर घेऊन आलात आणि ओट्यावर ठेवलात. आईने विचारलं, "हा कशाला आता?" तुम्ही म्हणालात, "कुठं बी गेली तरी भात तर लागंल ना." आणि बूट काढायला बाहेर गेलात.

कुवेतच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, ती कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. काकांचा मुलगा. तो तेव्हा सातपूरला नोकरीला लागला होता. आमचं काही ठरलेलं नव्हतं, पण सगळे ठरल्यासारखे वागत होते. वंदनेला विहारात गेलं की काकू मला जवळ बसवून घ्यायच्या, आणि आई ते बघून न बघितल्यासारखं करायची. तो मला आवडत नव्हता असं नाही. शांत होता, बोलताना समोरच्याकडे बघायचा, उगाच हसायचा नाही. कुवेतचा करार दोन वर्षांचा. दोन वर्षांनी मी परत येणार, लग्न होणार, आणि मग आपल्याच गावात सगळं. आयर्लंडला गेले तर कधी येईन, येईन की नाही, हे मलाच सांगता आलं नसतं. म्हणजे प्रश्न दोन देशांचा होता, तसाच तो परत येण्या न येण्याचा होता. हे मला कळत होतं आणि तुम्हालाही.

तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला स्कूटरवर बसवून पंचवटीत नेलंत. भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत एक बाई राहायच्या, कुवेतला आया म्हणून बरीच वर्षं काढून आलेल्या. तुमच्या कोणा ओळखीच्याने त्यांचं नाव सांगितलं होतं. गल्ली इतकी अरुंद, की स्कूटर लावायला जागा नव्हती. तुम्ही ती एका पानाच्या टपरीशी उभी केलीत आणि टपरीवाल्याला दोनदा सांगितलंत, लक्ष ठेव. बाईंनी आपल्याला नव्या फरशीच्या खोलीत बसवलं. तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसलात, सरळ, कंपनीच्या ऑफिसात बसायचात तसे. तुम्हीच विचारलंत, "ताई, पोरीला पाठवावं का?" त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सगळ्या दोन वर्षांसाठीच जातात. मग रजेवर आलं की दिसतं, भिंती झाल्या, स्लॅब राह्यला. परत जायचं. मग स्लॅब झाला, तर दिराच्या पोराचं शिक्षण." तुम्ही विचारलंत, "पस्तावा होतो का?" त्या जरा विचार करून म्हणाल्या, "नाही. घर माझ्या नावावर हाय, कोणी मला ऊठ म्हणत नाही. लेक मला अहोजाहो करती, एवढंच." आतून एक मुलगी चहा घेऊन आली. माझ्याच वयाची असेल. ती खरंच त्यांना अहो म्हणत होती.

गोदावरीच्या पुलावरून येताना तुम्ही मान न वळवता विचारलंत, "ऐकलं का?"

"ऐकलं."

"आयर्लंडला जाऊन आलेलं आपल्या ओळखीत कोणी नाही. नाही तर तिथंही नेलं असतं."

तेवढंच. मला वाटलं होतं, घर येईपर्यंत तुम्ही आणखी काही बोलाल. तुम्ही वाटेत पेट्रोल भरलंत आणि हवा चेक केलीत.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी काकांचा मुलगा हॉस्पिटलमध्ये आला. कँटीनमध्ये आम्ही बसलो. त्याने माझ्यासाठीही वडा मागवला आणि म्हणाला, "दोन वर्षांचंच आहे. मी थांबेन." मला बरं वाटलं ते ऐकून, खोटं कशाला सांगू? मग तो म्हणाला, "तसं आमचं ठरलंच आहे, कुवेतच बरं."

मी विचारलं, "आमचं म्हणजे कोणाचं?"

"म्हणजे पप्पा, मी, तुझे पप्पा."

त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. त्याच्या घरात तसंच ठरायचं सगळं. पण मी वडा तसाच ठेवून उठले.

त्याच दुपारी मी घरी येते, तेव्हा तुम्ही सेकंड शिफ्टला जायच्या आधीचं जेवण जेवत असता. आई भाकरी थापते आहे. तुम्ही पाटावर, समोर ताट, बाजूला तांब्या. मी चपला काढून तशीच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते.

"पप्पा, काकांना शब्द दिलाय का तुम्ही?"

"कसला शब्द?"

"की मी कुवेतला जाईन, दोन वर्षांनी येईन आणि लग्न होईल."

तुम्ही हातातला घास खाली ठेवता. "तुझा शब्द देणारा मी कोण?"

"बाप आहात."

"म्हणून तर नाय दिला."

मला तिथेच थांबायला हवं होतं बहुतेक. पण मी पुढे बोलते. "मग आता द्या. तुम्ही कुवेत म्हणा, मी उद्या सही करते. आयर्लंड म्हणा, तिकडे जाते. पण काहीतरी बोला ना. सगळी दुनिया बोलते आहे, तुम्हीच बोलत नाही."

आणि तुमचा आवाज चढतो. आपल्या घरात तो फार क्वचित चढायचा. "माझ्या तोंडून वदवून घेऊ नको! शिकवलं कशाला तुला? आज मी सांगीन, उद्या तिकडं काही बिनसलं की म्हणशील, पप्पांनी पाठवलं. तुझं तू ठरव. मला परत विचारायचं नाय." ताटातच हात धुऊन तुम्ही उठता. आई तव्याकडे बघत पुटपुटते, "अर्धी भाकरी टाकून उठले. जेवताना कशाला काढलंस?"

मला तुमचा राग आला होता, आणि पुढे किती तरी वर्षं तो थोडा थोडा शिल्लक राहिला. आपल्यावर काही यायला नको म्हणून हे मागे सरले, असंच मी धरून चालले. बाकी आयर्लंड मी का निवडलं, याचं कारण फार मोठं नव्हतं. कुवेतमधलं माझं आयुष्य सगळ्यांनी मिळून आधीच मांडून ठेवलं होतं, जाणं, येणं, लग्न, कोणत्या भागात घर घ्यायचं तेसुद्धा. आयर्लंडमधलं कोणालाच दिसत नव्हतं, मलाही नाही. तिथे जरा हात-पाय पसरता येतील असं वाटलं. सही करून आल्यावर तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही शर्टाची बटणं लावत होतात. "बरं," म्हणालात. "थंडी असंल तिकडं." आणि बस चुकू नये म्हणून निघालात. विमानतळावर सोडायला आपण जीप केली होती, तिच्यात काका नव्हते. मला वाटलं, मुलाला नाही म्हटलं म्हणून रागावले असतील. ते साहजिक होतं.

तिथलं सगळं तुम्हाला फोनवर सांगतच होते. गाव लहान, हॉस्पिटल जुनं, पाऊस रोज. आजी-आजोबांचा वॉर्ड. पहिले काही महिने त्यांचे उच्चार कळायचे नाहीत, मग माझेही तसे झाले. लग्न तिथेच केलं, केरळच्या माणसाशी, तेही तुम्ही "बरं" म्हणूनच ऐकलंत. पोरं झाली, ती मराठी समजतात, बोलत नाहीत. काकांच्या मुलाचंही लग्न झालं. त्याची बायको शिक्षिका आहे. परवा त्यांच्या घरी भेटला. तो आता टक्कल पडलेला, चांगल्या स्वभावाचा गृहस्थ झाला आहे. त्याने माझ्या नवऱ्याची चौकशी केली, आणि त्यात कसलाही काटा नव्हता.

तुम्ही गेलात तेव्हा मी पोचले, पण तुम्हाला पाहायला नाही. सगळं उरकलं होतं. जलदान विधीच्या दिवशी दारात मांडव घातला होता, भंतेजी येऊन गेले होते, लोक जेवत होते, आणि काका आले. इतक्या वर्षांत ते आपल्या घरी पहिल्यांदाच आले होते, हे मला नंतर आईकडून कळलं. ते जेवले नाहीत. मांडवाच्या कडेच्या खुर्चीवर बसले आणि मला खुणेने बोलावून घेतलं.

"तू गेली याचा मला राग नव्हता, बाई," ते म्हणाले. "पोरं जातात. मला तुझ्या बापाचा राग आला."

मी विचारलं, "त्यांनी काय केलं?"

"मी म्हणलं त्याला बसमधी, पोरगी ऐकत नाय का तुझं? त्यानं म्हणायचं ना, नाय ऐकत. मिटलं असतं तिथंच. तर हा म्हणतो, ऐकती. नुसतं कुवेत म्हणलो तरी जाईल. मी म्हणलं, मग म्हण की! तर म्हणला, नाय. ती ऐकती, तेच तर अवघड हाय."

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

"आणि मनातनं त्याला कुवेतच पायजे होतं. तू जवळ पायजे होती त्याला. माझ्यापाशी किती वेळा बोलला असंल. म्हणून तर मला लय राग आला. म्हणलं, तुला पायजे, मला पायजे, पोरगी ऐकती, मग घोडं अडलं कुठं? तवापासून आम्ही येगळ्या सीटवर बसलो, रिटायर होईस्तोवर." मग ते उठले, तुमच्या फोटोला हात जोडले आणि आईशी न बोलता गेले.

हे मी आईला कधी सांगितलं नाही. तुमच्या मनात कुवेत होतं हे तिला कळलं, तर ती अजूनही तुमच्याशी भांडेल. त्या दिवशी ताटावरून तुम्ही एवढ्या तावातावाने का उठलात, याचा मी पुन्हा विचार केला. मी आणखी एकदा विचारलं असतं तर तुमच्या तोंडून निघून गेलं असतं, इतपत मला आता समजतं. तुम्ही केलंत ते बरोबर होतं की नाही, ते मात्र ठरवता येत नाही. बसमध्ये शेजारी बसणारा एक मित्र तुम्ही गमावलात. मी कुवेतला गेले असते तरी काही वाईट झालं नसतं. मी तिथेही ड्यूटी केली असती, पगार आणला असता, आणि त्या मुलाबरोबर संसार नीट झाला असता. त्यामुळे मला वाचवलंत वगैरे म्हणवत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि आईच्या हाती लागू नये म्हणून घरातही ठेवणार नाही. फक्त एक गोष्ट राहिली. आयर्लंडमधल्या पहिल्या हिवाळ्यात मी परतीच्या तिकिटाची चौकशी करून आले होते. त्या रविवारी फोन तुम्ही उचललात. येऊ का, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही "कशी आहेस?" म्हणालात आणि मी "बरी आहे" म्हटलं, कारण तुझं तू ठरव, हेच उत्तर येणार याची मला खात्री होती. काकांचं ऐकल्यापासून ती खात्री राहिलेली नाही. आता वाटतं, त्या दिवशी तुम्ही "ये" म्हणाला असतात. आणि मी आले असते, पप्पा.