मस्कतहून आलेला हरी

१२ मे १९९६
हरी आला. दोन वर्षांनी. कराडच्या स्टँडवर मला ओळखूच आला नाही – मिशी सफाचट, खाली बोकडासारखी दाढी. मस्कतला वेल्डिंग करायला गेला होता की तमाशात काम करायला? बायकोनं, साळूबाईनं, लेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गळ्यात पडून रडली. ब्लँकेट, खजूर, अत्तर आणलंय. अत्तर लावून मी कुठं जाऊ, उसाला पाणी पाजायला?

१३ मे
पहाटे गोठ्यामागं फडकं अंथरून हा वाकतोय, उठतोय. वाटलं, काहीतरी पडलंय ते शोधतोय.
"काय रं हे?"
"नमाज हाय, आण्णा."
"कवापासनं?"
"वरीस झालं."
दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. तोंड बघायची इच्छा नाही.

१५ मे
आज विचारलं. कुणी बळजबरी केली? न्हाई. पैसे दिले? न्हाई. मग पोरगी बघितली असणार.
"न्हाई वो आण्णा. पोरगी कुठली तितं."
गोष्ट एवढीच – टाकीवरून पडला, पाय मोडला. अजून लंगडतो. कंपनीनं ढुंकून पाहिलं नाही. खोलीतला केरळचा एक सुतार सगळं करायचा, हागणंमुतणंसुद्धा. तो सांगायचा – अरबांची गलबतं मिरी न्यायला यायची, खलाशी तिथंच राहिले, लग्नं केली, त्यांच्याबरोबर आमच्याकडं इस्लाम आला. तलवार कुणी काढली नाही.
म्हणजे मिरी नेली आणि देव ठेवून गेले. चांगला सौदा! आणि आमचं येडं त्याच दुकानातलं गिऱ्हाईक.
मी फौजेत लडाखपासून नागालँडपर्यंत फिरलो. मुसलमान, शीख, सगळ्यांबरोबर एका लंगरात जेवलो. देव नाही बदलला. लडाखहून चहात मीठ घालायची सवय तेवढी आणली.
पाय मोडला ते घरी का कळवलं नाहीस, विचारलं.
"तुमी म्हनला असता, फौजीचं पोरगं रडत न्हाई."
म्हणालो असतो.

१८ मे
मानसिंग आला – माझा चुलतभाऊ, भावकीचा स्वयंघोषित पुढारी. "जोतीराम, पोराला वाटंला लाव. न्हाईतर तुझ्या दारात कुणी पाय ठेवनार न्हाई." अंगात इस्त्रीचे कपडे, तोंडात मावा. तालुक्याच्या पुढं कधी गेला नाही आणि मला धर्म शिकवतो. तरी मी खाली मान घालून ऐकलं.
जेवताना हरीला सांगितलं – या घरात एक तर तू राहशील, नाहीतर ते फडकं. ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले. मग फडक्याची घडी घालून बॅगेत ठेवली.

१९ मे
गेला. मुंबईला. महिनाअखेरीचं विमान आहे. साळूबाई भाकरी थापते, वाढते, बोलत नाही.

२८ मे
मोहरम. गावात ताबूत निघाले. पिराचा पंजा कुणाच्या खांद्यावर? मानसिंगाच्या. अनवाणी, गळ्यात फकिरीचा दोरा, कपाळाला उदी. मान त्याच्या घराण्याचा. घोडी विकायला आलेल्या कुणा परदेशी सौदागरानं त्यांच्या पूर्वजाकडं पंजा ठेवला होता म्हणे. दरवर्षी बघतो, कधी काही वाटलं नाही. सगळं गाव त्याच्या पायावर पाणी घालत होतं. मीही घातलं.
साळूबाईनं पाणी घातलं नाही, घागर दारातच ठेवली. इतक्या दिवसांनी बोलली – "त्येंच्या आज्यापणज्यांनी घरात घेतलं ते चालतं. माझ्या पोरानं आनलं त्योच इटाळ व्हय?"
मानसिंगाची किळस आली. त्याच्या पायावर पाणी घालणाऱ्या माझ्या हातांची जास्त.

३० मे
कराडला जाऊन एस.टी.डी. बूथवरून मुंबईला फोन लावला. तो उतरलाय तिथला नंबर साळूबाईनं दिला. मागं रांगेत नेमका मानसिंग. पलीकडचा माणूस म्हणाला, हरी नावाचं इथं कुणी नाही. सांगितलं – सातारा जिल्ह्यातला, वेल्डर, पायानं लंगडतो.
"अच्छा, हारून. आप कौन?"
हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. मानसिंग कान देऊन उभा होता.
मोठ्यानं म्हणालो, "हारून का बाप बोलता हूँ. बुलाओ उसको."