रूरच्या भट्ट्या, तुमच्याशिवाय

बाबा,

परवा जर्मनीतल्या रूरला जाऊन आले. एकटीच. तुम्हाला बघायची होती ती तिन्ही म्युझियम्स पाहिली: कोळशाच्या खाणीचं, लोखंडाच्या कारखान्याचं, आणि ती बंद पडलेली भट्टी, जिच्या माथ्यापर्यंत जिन्याने जाता येतं. चढताना गुडघे बोलायला लागले माझे. खाली ओतकामाचा साचा मांडलाय, शेजारी ही मोठी पाटी. तुम्ही असतात तर पाटीकडे ढुंकूनही न बघता साच्यातली वाळू मुठीत दाबून पाहिली असतीत आणि गार्डची बोलणी खाल्ली असतीत.

तुम्ही दोघं लंडनला, माझ्या क्रॉयडनच्या घरी आलात, त्याला सात वर्षं झाली. निघायच्या आधीपासून फोनवर तुमचं रूर, रूर चाललं होतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत जन्म काढलेला माणूस माझ्या एवढ्याशा किचनमध्ये बसून वहीत म्युझियम्सची नावं लिहितोय. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "अहो, लोक परदेशात राजवाडे बघतात. तुम्हाला तिथंही भट्टीच हवी का?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "राजवाड्याची गेटं काय आभाळातून पडली?"

मग मी व्हिसासाठी फोन लावला. पलीकडच्या बाईने सांगितलं, इथे व्हिजिटर म्हणून आलेल्यांना जर्मनीचा व्हिसा इथून मिळत नाही, मुंबईहूनच आणायला हवा होता. मी फोन आपटला. "काय मेले नियम!" तुम्ही वही मिटलीत. "असू दे गं. तुला तरी काय माहीत? पुढच्या वर्षी तिकडूनच काढून येतो." वर मलाच चहा करून दिलात. पुढचं वर्ष तुम्हाला मिळालंच नाही.

बाबा, मला माहीत होतं. तुम्ही निघायच्या दोन महिने आधी ऑफिसातल्या मैत्रिणीने बजावलं होतं, "अगं, पेरेंट्सचा युरोपचा शेंगेन व्हिसा मुंबईलाच अप्लाय करायला सांग हं, इथून देत नाहीत." मी हो हो म्हटलं आणि तुम्हाला सांगितलंच नाही. माझी आठच दिवसांची सुट्टी उरली होती, ती गंजक्या लोखंडात घालवायचा कंटाळा आला होता. बस, एवढंच. तो फोनसुद्धा तुम्हाला दाखवायला केला होता. लाज वाटते हो.

हे आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. नाही दाखवणार. ती अजून त्या व्हिसावाल्यांना शिव्या घालते, आणि मी घालू देते.