पुनमताईच्या लाडवांचं लोणी

२ ऑगस्ट
आजपासून घरातलं लोणी माझ्या ताब्यात. बाबांनी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. पुनमताई बाळंतपणाला आली आहे. तिच्या डिंकाच्या लाडवांना आपल्याच म्हशीचं तूप हवं. आई लोणी काढते, तीन पाण्यांनी धुते आणि लगेच कढवते. काळीकुट्ट कढई. तळाची जळकी बेरी धाकटा भाऊ विश्वंभर बोटांनी खरवडून खातो. शी! बी.एस्सी. झालेल्या मुलीच्या घरात हे चालणार नाही. लोणी कच्चंच साठवायचं, लाडवांच्या आदल्या दिवशी एकदम कढवायचं. धुणं बंद, पोषक घटक वाहून जातात. आई म्हणाली, "ताक राह्यलं तर आंबंल ना माय." मी जीवाणूंवर बोलले. ती भाकरी थापत राहिली.

४ ऑगस्ट
एअरटाइट डबा मिळाला. आधी त्यात लोणचं होतं. दोनदा घासला. वास जवळजवळ नाही. फ्रिजवर चिठ्ठी लावली : उघडू नये.

७ ऑगस्ट, दुपार
लाइट सकाळपासून नाही. बाबा गार पाण्यासाठी फ्रिज उघडतात. लाइट नसताना पाणी गार कसं असेल? विश्वंभरने लसणाचा ठेचा उघडाच ठेवला. डब्याचं झाकण सैल, लोण्यात बोटाचा खड्डा, खड्ड्यात पांढरा केस. बाबा म्हणाले, मांजरीचा असंल. मांजर झाकण उघडते? या घरात स्वच्छता हा शब्दच कुणी ऐकलेला नाही. केस चिमट्याने काढला. जेवले नाही.

११ ऑगस्ट
नवं लोणी जुन्यावर थापलं. खालचा थर पिवळा झाला आहे. व्हिटॅमिन ए.
ताई स्वयंपाकघरात यायची बंद झाली. मळमळतं म्हणे. या दिवसांत वास जास्त येतात, तिला शास्त्र समजावलं. ती म्हणाली, "मळमळ कव्हाच गेली होती. तुह्या डब्यानं वापस आणली."
शिक्षणाचा असा अपमान सख्ख्या बहिणीकडून.

१६ ऑगस्ट, गोकुळाष्टमी
आई बाळकृष्णासाठी वेगळं ताजं लोणी काढणार होती. मी अडवलं. देवाला एक आणि माणसाला एक असं का? डब्यातलंच ठेवलं.
प्रसादाला शेजारच्या सोजराकाकू होत्या. तोंडात घातला आणि थांबल्या. प्रसाद थुंकता येत नाही. डोळे मिटून गिळला, मग तांब्याभर पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "देव इतकी वर्सं लोणी खातो, यंदा उपास करंल." बाबांनी प्रसाद कपाळाला लावला आणि तसाच मुठीत घेऊन गोठ्याकडे गेले.
अडाणी माणसांना चव घ्यायला वेळ लागतो. शहरात याच वासाला चीज म्हणतात.

१९ ऑगस्ट
कडेला हिरवे ठिपके. चमच्याने खरवडले. आतलं उत्तम असावं. नाक दाबून बघितल्यावर तरी तसं वाटलं.
चूक कुणाची हे लिहून ठेवते : लाइट, ठेचा, बाबा.

२० ऑगस्ट
कढवल्यावर सगळं निर्जंतुक होतं. म्हणून आजच कढवायला घेतलं. फेस आला, मग वास. आधी लोणच्याचा, मग लसणाचा, मग असा की त्याला नाव नाही. ताई तोंडावर पदर धरून सोजराकाकूंकडे गेली. विश्वंभर ओरडला, "काय मेलंय आपल्या घरात?" मला स्वतःलाच ओकारी आली. कढई अर्ध्यावर उतरवली.
रात्री आई काकूंकडून तुपाची बरणी घेऊन आली. ताईचे लाडू त्या तुपाचे होतील. काकूंच्या घरात दहावी झालेलंसुद्धा कुणी नाही.
आईने बरणी फळीवर ठेवली आणि झोपायला गेली. मला विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

२१ ऑगस्ट, खांदमळणी
उद्या पोळा. आज बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. बाबा म्हणाले, "फेकण्यापरीस तुहं तूप बैलाला लावू. लेकीनं कष्ट केलेत." मला बरं वाटलं. म्हटलं, मी चोळते. शेवटी उपयोग झालाच.
चित्र्या बैल दरवर्षी मळणाऱ्याचा हात चाटतो. आज त्याने माझा हात हुंगला, फुंकारला आणि दाव्यासकट मागे सरला. पवळ्याच्या खांद्यावर इतक्या माश्या बसल्या की हळद दिसेना. बाबांनी दोघांना सोडलं आणि परत धुवायला ओढ्याकडे चालवलं.
मी दारात उभी होते. कोपरापर्यंत तूप. आई म्हणाली, "तू बी जाय त्यांच्यासंग."
गेले.