पाचवा धम्मपाल

प्रिय धम्मपाल,

पत्राच्या सुरुवातीला आपलंच नाव लिहायचं म्हणजे हात अडखळतो. हा चौथा कागद आहे. पहिले तीन फाडले. त्यांत चूक नव्हती, पण तिन्हींत मी फक्त कामाचं लिहिलं होतं. ते आधी लिहून टाकतो. दौलतराव गुरुजी विहाराच्या वाचनालयासाठी एक पुस्तिका काढत आहेत, 'आपले धम्मपाल' या नावाची. त्यासाठी तुझी जन्मतारीख, शाळा कितवीपर्यंत झाली आणि सध्या कुठे कामाला आहेस, एवढं हवं आहे. दाखल्यावरची एक जून नको. ती आपल्या वर्गात सगळ्यांचीच आहे. खरी हवी.

गुरुजींना ही कल्पना मागच्या बुद्धपौर्णिमेला सुचली. माइकवरून कोणीतरी म्हणालं, धम्मपालने जरा इकडे यावं, आणि मंडपातून सात जण उठले. सगळे हसले, गुरुजींनी मात्र वही काढली. आपल्या भागात हे नाव एवढं का, ते मला तेव्हा त्यांच्याकडून कळलं. छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेलेल्यांत आपल्या वस्तीतली एक म्हातारी होती. पुढच्या वर्षी तिला नातू झाला. तोवर वस्तीत दगडू, धोंडू, कचरू अशीच नावं. तिने धम्मपाल ठेवलं. लोकांनी विचारलं, हे कसलं नाव? ती म्हणाली, "माह्या नातवाले आता कोनी कचऱ्या म्हनून हाक मारनार नाही." मग ज्याच्या घरी पोरगा झाला त्याला तेच नाव हवं झालं. आजूबाजूच्या गावांतही पसरलं. आपल्या दोघांच्या घरी तर एकाच महिन्यात.

तो नातू म्हणजे पुस्तिकेतला पहिला धम्मपाल. वस्तीतला पहिला मॅट्रिक, स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाला, अकोल्याला असतो. दुसरा डॉक्टर. तिसरा जयंतीच्या कार्यक्रमांत गातो. त्याने पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो पाठवला आणि निरोप दिला, "हाच छापा, लोकं मले याच्यावरूनच ओळखतात." प्रत्यक्षात आता त्याला त्याची बायकोही त्या फोटोवरून ओळखणार नाही. चौथा कबड्डीचा खेळाडू. पाचव्या नोंदीवर गुरुजींनी लिहून दिलं होतं: धम्मपाल नामदेव अंभोरे, चित्रकार. म्हणजे मी.

गुरुजी माहिती आणतात, मी पडताळून स्वच्छ अक्षरात लिहून काढतो. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला हे काम मिळालं, कारण माझं शुद्धलेखन चुकत नाही. चारही नोंदी वेळेत लिहून झाल्या, चौथी तेवढी वाचून दाखवायची राहिली होती. पाचव्या पानावर नाव लिहिलं आणि दीड महिना पुढची ओळ लिहिली नाही. गुरुजी विचारत, "काहून रे, सोताबद्दल लिहाले लाजतं काय?" मी हो म्हणायचो. त्यांना तो माझा विनय वाटायचा. गावात दोन माणसांत माझा उल्लेख करताना ते हा विनय सांगतही होते.

आता जे तू जाणतोस तेच मला लिहायचं आहे, कारण ते मी कधी माझ्या तोंडाने कबूल केलेलं नाही. आपण सोळा वर्षांचे असताना रिसोडला एका दुकानाचा पहिला बोर्ड रंगवला. चित्र तुझं, अक्षर माझं. कोपऱ्यात सही कोणाची करायची यावर मी अर्धा दिवस घातला. मला दोघांची पूर्ण नावं हवी होती. तू ब्रश घेतलास आणि नुसतं 'धम्मपाल' लिहिलंस. म्हणालास, "बापाचं नाव कायले पायजे? कोनी केलं याच्याशी कोनाले काय करायचं हाय? नाव तर एकच हाय ना आपलं." पुढे दहा वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, दुकानांवर, पाण्याच्या टाक्यांवर तीच एक सही राहिली. मी एकट्याने नुसती अक्षरं लिहिली तरी तीच, आणि तू एकट्याने चित्र काढलं तरी तीच. तुझा तो मोठेपणा होता. मी त्याचं काय केलं ते पुढे लिहितो.

शाळेची भिंत आपण केली तेव्हा फ्लेक्समुळे आपलं काम जवळजवळ बंद पडलं होतं. तू तुझ्या आईला, दुर्गाकाकूंना, अंगणात बसवून ते चित्र आधी वहीत काढलंस. शेजारी विळा, मांडीवर मुलीचं पुस्तक, मुलगी वाचते आहे आणि आई तिच्या वाचण्याबरोबर ओळीखालून बोट सरकवते आहे. काकू दर पाच मिनिटांनी उठायच्या, "थांब बाप्पा, दूध उतू जाईन." सोयाबीन कापताना विळा लागून वाकडी झालेली त्यांची करंगळी तू तशीच ठेवलीस. मी म्हणालो होतो, सरळ कर, लोकांना वाटेल काढता येत नाही. तू ऐकलं नाहीस. भिंतीवर माझी एकच ओळ आहे, चित्राच्या खाली: 'लेक वाचते, माय ऐकते.' चार शब्द. मी ते दोन दिवस आखत होतो.

दिवाळीनंतर तू चाकणला गेलास. जानेवारीत जिल्ह्यातल्या शाळांच्या भिंतींची स्पर्धा झाली आणि आपली भिंत पहिली आली. मुख्याध्यापक नवीन होते. स्टँडवर त्यांनी विचारलं, पेंटर धम्मपाल कोण? लोकांनी माझं घर दाखवलं, कारण गावात मीच उरलो होतो. त्यांच्या हातातल्या पत्रिकेवर 'धम्मपाल अंभोरे' एवढंच होतं, आणि आडनावही आपलं एकच. एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. मी पत्रिका घेतली. मनाशी म्हणालो, दोघांच्या वतीने जाऊ. मग म्हणालो, चार शब्द तर माझे आहेतच. वाशीमला पोचेपर्यंत मी असं बरंच काही म्हणालो होतो.

सत्कार झाला. शाल घेऊन मी खाली उतरत होतो, तेवढ्यात मंचावरच्या एका बाईंनी मला थांबवलं. त्यांनी चित्र नीट पाहिलं होतं. माइक पुढे करून त्यांनी विचारलं, त्या करंगळीचं काय आहे? एवढ्या सुंदर हातात ती एक वाकडी का काढली? मी म्हणालो, ते माझ्या आईचे हात आहेत. सोयाबीन कापताना विळा लागला होता. सरळ करायचं माझ्या मनात आलं होतं, पण आईच्या हातात मी दुरुस्ती कशी करू?

टाळ्या थांबेनात. त्या बाईंनी डोळे पुसले. धम्मपाल, तिसऱ्या रांगेत दुर्गाकाकू बसल्या होत्या. गावातून गाडी गेली होती, तिच्यात वस्तीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. मी मंचावरून पाहिलं. शाल मिळाली तेव्हा काकू टाळ्या वाजवत होत्या. करंगळीचं बोललो तेव्हा त्यांनी हात सावकाश पदराखाली घेतले. कोणी पाहू नये म्हणून. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून त्यांनी स्वतःचे हात लपवले. त्यांच्या शेजारी माझी आई होती. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिने हाताकडे पाहून विचारलं, "माहं बोट कधी वाकडं झालं होतं रे?" मी चप्पल घालून बाहेर गेलो. आजवर तिने परत विचारलेलं नाही.

तुझा फोन आला तो तिसऱ्या दिवशी. तू खूश होतास. "सत्कार झाला म्हने आपला!" आपला म्हणालास. मी म्हणालो, हो, झाला, गर्दी खूप होती. मग तुझ्या कंपनीतलं जेवण कसं आहे ते विचारलं. नंतर कोणीतरी तुला कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला असणार. त्यानंतर तुझा फोन मला आला नाही. तू भांडला असतास तर मी उलटून भांडलो असतो आणि मला बरं वाटलं असतं.

त्या सत्कारामुळे दोन शाळांच्या भिंती मला मिळाल्या. तुला मिळायला हव्या होत्या त्या. त्या मिळाल्या असत्या तर कदाचित तू चाकणला खोक्यांवर लेबलं चिकटवत राहिला नसतास, हे मला कळतं. मी मोबाईलवरून चित्रं घेऊन चौकोन आखून उतरवली. रेषा सगळ्या मापात आहेत. एका शाळेतली मुलं त्यांना 'आजारी माणसं' म्हणतात. तिसरी भिंत आली तेव्हा मी पाठदुखी सांगितली. गेली तीन वर्षं मला पाठदुखी आहे.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या मंगळवारी मी मानोऱ्याला गेलो, चौथ्या धम्मपालची नोंद त्याला वाचून दाखवायला. त्याचं पंक्चरचं दुकान आहे. गुरुजींनी त्याच्याबद्दल 'विद्यापीठ संघाचा कर्णधार' असं लिहिलं होतं. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. तसाच ऐकत राहिला आणि कर्णधार शब्दाला मान वर केली. "अबे, कर्णधार मी नव्हतो. राजपाल होता. मी कोपऱ्यात उभा राहत होतो. खोड ते." मला का कोणास ठाऊक, त्याला वाचवावंसं वाटलं. मी म्हणालो, दादा, वीस वर्षं झाली, पुस्तिकेत आलेलं कोण तपासतं? तो माझ्याकडे पाहून हसला, जसं लहान पोराला हसतात. म्हणाला, "राजपाल वाचीन ना बे."

मी त्याच्यासमोर तो शब्द खोडला. त्याने पाणी दिलं. गावात उतरलो तो घरी न जाता सरळ तुझ्या घरी गेलो. काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. म्हणजे त्यांना जे माहीत होतं तेच सांगितलं. रडलो असतो, पण त्यांनी सुपावरून नजर उचलली नाही, त्यामुळे जमलं नाही. म्हटलं, काकू, पाचवी नोंद मी धम्मपाल किसन अंभोरे या नावाने लिहितो. येत्या पौर्णिमेला सगळ्या नोंदी विहारात वाचायच्या आहेत, तेव्हा उभा राहून माझी चूक सांगतो. तुम्ही मला माफ करा. त्या म्हणाल्या, "म्या तं तवाच हात झाकले, बाप्पा. माह्याजवळ आता काय मागतं?" मग खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या, "त्याले सांग."

मी खिशातून मोबाईल काढला. तुझा नंबर लावला होता, एक रिंग गेलीही असेल. काकूंनी माझ्या हातातून मोबाईल घेऊन बंद केला आणि सुपाशेजारी ठेवला. त्या म्हणाल्या, "फोनवर नोको. माह्या पोराले मी वळखतो. तू हॅलो म्हनशीन अन् तो 'जाऊ दे ना बे' म्हनून टाकीन. तू दोन मिनिटात सुटशीन. अक्षर चांगलं हाय ना तुहं? तं लिहून धाड. एकेक गोठ लिही. त्याले वाचू दे बसून." नंतर त्यांनी तुझ्या खोलीचा पत्ता सांगितला, तोंडपाठ, पिन कोडसकट. म्हणून हे पत्र लिहिलं आहे, धम्मपाल. पौर्णिमेला आठ दिवस आहेत. तोवर हे तुझ्या हातात पडेल, पण तू काहीही कळवलंस किंवा नाही कळवलंस तरी मी त्या दिवशी तुझी नोंद वाचणार आहे. जन्मतारीख नाही आली तर ती जागा मोकळी सोडीन. फक्त एक ऐक. हे वाचून झाल्यावर मला फोन करू नकोस. जाऊ दे म्हणायचं असेल तर आजच म्हणू नकोस.

तुझाच, अजून तसं म्हणवून घ्यायला लाजणारा,
धम्मपाल