एका जिल्ह्याचे गुणी नवरे

४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीच्या गुडघ्याचं दुखणं उतरणीला लागलं हे वाचून बरं वाटलं. तुमची जीभ मात्र अजून चढणीलाच आहे, हेही कळलं.

नव्या नोकरीत मी नक्की काय करते, असं विचारलंत. खून मोजते. शेजारणीला हेच उत्तर दिलं, तेव्हापासून ती वाटीभर साखर मागायला येत नाही. पण खरंच तेवढंच काम आहे. देशात कुणी कुणाला, कुठे, कशानं मारलं याची एकत्र नोंदच आजवर नव्हती. गुरं मोजून झाली, झाडं मोजून झाली, हे राहिलं होतं. आता प्रत्येक जिल्ह्याच्या जुन्या गुन्हे-नोंदवह्या आमच्याकडे येतात आणि आम्ही अकरा जणी एकेका मेलेल्या माणसाचे बासष्ट रकाने करून संगणकात भरतो. डबा खाताना गप्पा कुऱ्हाडीच्या पात्याच्या. आमच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे सरासरीसाहेब म्हणतो. चहा कसा झालाय विचारलं तरी ते आधी गेल्या आठवड्याच्या चहाशी तुलना करतात.

गेल्या सोमवारी तुमच्या कचेरीच्या वह्या आल्या. अक्षर लांबूनच ओळखलं आणि सगळ्यांना मिरवून दाखवलं. पण मामा, एक नवल आहे. एकोणीस वर्षांत तुमच्या जिल्ह्यात चौऱ्याण्णव बायकांचे खून झाले आणि त्यात एकही नवऱ्यानं केलेला नाही. ‘आरोपीशी नातं’ या रकान्यात सगळीकडे ‘परिचित’. बाकी सगळ्या देशात नवरा पहिल्या नंबरावर आहे. सरासरीसाहेब हरखून गेलेत. तिथल्या पाण्यात काही आहे, की संस्कारात, याचा शोध घ्यायचा म्हणतात. तुम्ही तिथे जन्म काढलात. काय आहे हो तिथे?

आहे ती माया कमी करू नका.
तुमची भाची

११ जून

चि. भुंगा हिस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी कानाशी गुणगुण करून प्रश्न विचारायचीस म्हणून हे नाव ठेवलं. आता त्याच गुणगुणीचा पगार मिळतो, हे पाहून कौतुक वाटतं.

आमच्याकडचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. त्याचा संस्कारांशी संबंध असल्यास कल्पना नाही. माणसं साधीसुधी. नवऱ्यांविषयी तुझ्या मामीला विचारलं, तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला. तुमच्या साहेबांनी नात्याच्या रकान्यात एवढं डोकं घालू नये. हत्यारांचा रकाना पाहावा, तो मी फार मेहनतीनं भरलाय. एकाला तर पितळी कुलपानं मारलं होतं, ते कुलूप वजनासकट लिहिलंय. त्याच वह्यांसाठी मला प्रशस्तिपत्र मिळालं होतं.

डोळ्यांना जप. संगणकापुढे बसून माणूस आधी चष्मा लावतो, मग दुसऱ्यांना शहाणपण लावतो.

आशीर्वाद आहेतच, ते वेळेवर जेवलीस तर जास्त लागू पडतात.
तुझा मामा

१७ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कुलूप सापडलं. वजन बरोबर आहे. पण तुम्ही उत्तर दिलं नाहीत, हेही सापडलं.

म्हणून मी पुढच्या वह्या काढल्या, तुम्ही निवृत्त झाल्यानंतरच्या. मामा, तुम्हाला निरोपाचा हार घातला त्याच महिन्यापासून तुमच्या जिल्ह्यातले नवरे बिघडले आहेत. पहिल्याच वर्षी चार. एकोणीस वर्षं गुणी असलेली माणसं एका कारकुनाच्या जाण्यानं इतकी खचावीत, हे मला काही पटेना. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गंमत इथे संपते. या महिन्याच्या तीस तारखेला आमचे आकडे सरकारकडे जातात. घरातून पळून आलेल्या बायकांसाठी जी आश्रयगृहं आहेत, त्यातली कुठली ठेवायची आणि कुठली बंद करायची हे त्यावर ठरणार आहे. तुमच्या जिल्ह्यात एकच आहे, बारा खाटांचं. कागदावर तिथे एकोणीस वर्षं बायकोला कुणी हात लावलेला नाही, तर बारा खाटा कशाला, असा सरळ प्रश्न वरून आलाय. नंतरची वर्षं थोडी, ती कुणी धरत नाही. खटल्यांचे मूळ कागद मुदत संपल्यावर जाळून टाकलेत. उरलं ते तुमचं अक्षर.

नावं आमच्या यादीत येत नाहीत, मामा, फक्त आकडे. ज्यानं नोंद केली त्यानं सहीनिशी दुरुस्ती कळवली तर ती धरली जाते. तुम्हाला काय वाटेल ते मला कळतं. तरी विचारते.

रागावलात तरी पत्र लिहा.
तुमची भाची

२४ जून

चि. भुंगा हिस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. चार दिवस तुझं पत्र उलटं ठेवलं होतं.

आमच्याकडे दर महिन्याच्या गुन्ह्यांची यादी कचेरीबाहेरच्या फळ्यावर लावायची पद्धत होती. समोरच मुलींची शाळा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाई गेली, नवऱ्यानं मारली. तिच्या दोघी मुली मधल्या सुट्टीत फळ्यासमोर उभ्या राहून यादी वाचत होत्या. धाकटीला जोडाक्षरं येत नव्हती, थोरली वाचून दाखवत होती. मी बाहेर जाऊन कागद उतरवला आणि नवीन लिहिला. ‘परिचित’. खोटं नव्हतं, म्हटलं. नवऱ्याइतका परिचित कोण असतो! फळ्यावर एक आणि वहीत दुसरं चालत नाही, म्हणून वहीही तशीच झाली.

तिथवर दया होती, असं मी अजूनही म्हणतो. पुढे आमच्या कचेरीतल्या साहेबांनाही तो शब्द आवडला. वरून विचारणा येत नसे, बैठक लवकर संपे. नंतर नंतर मला फळाही आठवत नसे आणि मुलीही. हाताला वळण लागलं होतं, हात लिहीत होता. हे तुला सांगायला लाज वाटते, कारण माझ्या अक्षराची फुशारकी तू लहानपणापासून ऐकत आलीस.

पण कारकून तो कारकून. खोटं लिहिलं की त्याचीही नोंद ठेवायची, हा माझा नियम. एक छोटी वही घरी होती, तीत नोंदीचा क्रमांक आणि खरं नातं. सोबतची यादी तीवरून उतरवली आहे. नवऱ्यानं मारलेल्या बायका एकसष्ट. प्रत्येक पानावर सही केली आहे. तुमच्या सरासरीसाहेबांना सांग, पाण्यात काही नव्हतं.

मामीला यादी वाचून दाखवली. तिला काही लिहायचंय म्हणते, म्हणून कागद तिच्याकडे देतो.

आता कौतुक कमी केलंस तरी चालेल, पत्रं कमी करू नकोस.
तुझा मामा

चि. भुंगा, मामीचे आशीर्वाद.

यांची यादी ऐकली. दोघी राहिल्या. त्या यांच्या वहीत नाहीत, कारण यांनी त्यांना ‘अपघात’ लिहिलं, एक जिन्यावरून पडली आणि एकीचा पाय घसरला. दोघी माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकायच्या. जिन्यावाली शेवटच्या वर्षी बाही कोपरापर्यंत हवी म्हणायची, उन्हाळ्यातसुद्धा. दंडाचं माप मी हलक्या हातानं घ्यायची आणि ती तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायची. मी यांना तेव्हाच सांगितलं होतं. हे म्हणाले, टेप म्हणजे पुरावा नव्हे.

नसेल. पण माझी मापांची वही अजून आहे, तारखांसकट. दोघींची पानं फाडून जोडली आहेत, पानांच्या पाठीवर मी काय पाहिलं ते लिहून सही केली आहे. तुमच्या बासष्ट रकान्यांत त्यांना कुठे बसवता येतं ते बघ. नसेल येत तर त्रेसष्टावा आख, आणि तीस तारखेच्या आत.